निजाईचं पोर

"टाच घ्या बाई, पर अंगावरचं कायबी काढायचं न्हाई," शेवंता म्हणाली.

पोर तिच्या मांडीवर होतं. पिवळा फ्रॉक, मनगटात काळे मणी, कपाळावर बोराएवढी काजळाची तीट, नाकात बारीक तार. बघणाऱ्याला मुलगी वाटावी असा सगळा थाट. पण शेवंताला मुलगा आहे हे मला ठाऊक होतं, रजिस्टरला तशी नोंद होती. आधीची दोन मुलं गेली की तिसऱ्याला मुलीचा वेष द्यायचा, नाव दगडू ठेवायचं, म्हणजे न्यायला येणारीची फसगत होते, ही त्या भागातली रीत. नोकरीत मी असे फ्रॉकातले दगडू पैशाला पासरी पाहिले होते.

"नाही काढत गं बाई. मला टाच पुरे," मी म्हटलं आणि सुई टोचली.

पोर रडलं नाही. जरासं कण्हलं, ओठ हलवले आणि पुन्हा गाढ. रक्ताचा थेंब फुगला तसा मी तो जाड पांढऱ्या कार्डावरच्या गोलात टिपला. असे चार गोल भरले. शेवंतानं एकदाही रक्ताकडे बघितलं नाही, तिचं लक्ष दाराकडे होतं. छपराच्या आडव्या लाकडाला दोन झोळ्या टांगलेल्या होत्या. एक रिकामी, एक हलत होती.

"त्या झोळीत कोण?" मी विचारलं.

"धाकटीची पोरगी. धाकटी पाण्याला गेलीया." मग ती म्हणाली, "बाई, ह्या कार्डावर नाव लिवणार?"

"लिहावंच लागतं. नाहीतर पुण्याला कळायचं कसं, कुणाचं रक्त ते?"

"कुणाचं लिवणार?"

"कुणाचं म्हणजे? तुझ्या लेकाचं!"

"लिवा की मग," ती म्हणाली आणि पोराच्या तोंडावर पदर ओढला.

मी लिहिलं: शेवंताचा मुलगा, वय चार महिने, पुरुष. खाली सही ठोकली, रत्नप्रभा लोंढे, नर्स. आज मी निवृत्त होऊन मिरजेत राहते, गुडघे दुखतात, टीव्ही बघते, सुनेशी भांडते. आयुष्यात हजारो सह्या केल्या. पण ती एक सही आठवली की अजून माझी मलाच लाज वाटते.

मी तेव्हा बदली होऊन जतच्या पलीकडे, कर्नाटकाला टेकलेल्या एका उपकेंद्रात आले होते. दोन महिनेसुद्धा झाले नव्हते. गावापासून अर्ध्या कोसावर ही वाडी, पाच-सहा घरांची, सगळी मेंढपाळ. पुरुष माणसं मेंढरं घेऊन सहा-सहा महिने लांब. वाडीत राहायच्या बायका, म्हातारी आणि पोरं. पहिल्यांदा डोस द्यायला गेले तो दिवस मला लख्ख आठवतो. भर दुपार होती. बाराचं ऊन. कुत्रंसुद्धा भुंकलं नाही. शेवंताची सासू मायव्वा ओट्यावर बसली होती. तिला मी घरातली मुलं विचारायला लागले.

"माजी तीन निजली," म्हातारी म्हणाली. "शेवंतीची दोन निजली."

"मग उठवा की! डोस द्यायचाय," मी आपली उत्साहात.

म्हातारीनं माझ्याकडे बघितलं. हसली नाही, रागावलीही नाही. "उठत न्हाईत ती," म्हणाली.

त्या वाडीत अंगावर पिणारं पोर मेलं तर मेलं म्हणत नसत. निजलं म्हणत. वाडीमागं माळावर हिवराचं एक झाड होतं, त्याच्या बुडाशी शेंदूर फासलेला दगड. ती निजाई. दगडाला डोळे कोरलेले होते, पण मिटलेले. डोळे मिटलेली देवी मी आयुष्यात दुसरी पाहिली नाही. तिला पोरं आवडतात म्हणे. आवडलेलं पोर ती ठेवून घेते. न तापता, न फणफणता, संध्याकाळी चांगलं खेळलेलं पोर सकाळी गार लागतं.

मी काही देवभोळी नव्हे. पण मायव्वा एक वाक्य बोलली ते डोक्यातून जाईना. "दुसरी पोरं भूक लागली की घर डोस्क्यावर घेत्यात. निजाईचं पोर भुकेनं रडत न्हाई. भुकेनं गप हुतं."

भुकेनं गप होणारं मूल! पुण्याच्या डॉक्टर बेडेकरबाई मागं आमच्या प्रशिक्षणाला आल्या होत्या. म्हणाल्या होत्या, एकाच घरात तान्ही मुलं कारण न कळता गेली तर मला कळवा. मी त्यांना पत्र लिहिलं. म्हातारीचं वाक्य जसंच्या तसं उतरवलं. आठवड्यात त्यांचा फोन. माझ्या मोबाइलला रेंज फक्त गावातल्या पाण्याच्या टाकीवर यायची, त्यामुळं मी अर्ध्या जिन्यात लोंबकळत ऐकत होते.

"दोन्ही भाऊ सख्खे, आणि बायका सख्ख्या बहिणी?" त्यांनी विचारलं.

"हो मॅडम. मामाच्याच मुली. शेवंता थोरली, गौरव्वा धाकटी. दोघींना महिन्याच्या अंतरानं मुलं झालीत आता. थोरलीला मुलगा, धाकटीला मुलगी."

"हं. लोंढेबाई, पोट रिकामं राहिलं की आपलं शरीर साठवलेली चरबी वापरतं. काही बाळांना जन्मतःच ती वापरता येत नाही. आईबापांकडून येणारा दोष असतो. आईकडून एक आणि बापाकडून एक असे दोन्ही दोष आले तरच बाळाला त्रास. दर तीन तासांनी दूध मिळालं तर ते बाळ तुमच्या-आमच्यासारखं धडधाकट. उपाशी राहिलं तर रक्तातली साखर संपते. मग ते सुस्तावतं, झोपतं..."

"आणि उठत नाही," मी म्हटलं.

"आणि उठत नाही. तुमची ती म्हातारी हुशार आहे हो."

त्यांनी त्या दोषाचं इंग्रजी नाव सांगितलं. एवढं लांबलचक की माझ्या डायरीच्या दोन ओळी गेल्या, आणि आजही मला ते नीट म्हणता येत नाही. कार्ड मात्र एकच पाठवलं. आधी ज्या आईची दोन गेलीत तिच्या बाळाचं रक्त पाठवा, बाकीच्यांचं नंतर बघू, म्हणाल्या.

वीस दिवसांनी निकाल कळवला त्यांनी. दोष आहे. पक्की खात्री करायला त्याच कार्डातून जनुकाची तपासणी लावलीय, तिला महिना-दीड महिना लागेल, पण वाट बघायची नाही. आजपासून दर तीन तासांनी दूध.

मी तडक वाडी गाठली. शेवंता आणि गौरव्वा चुलीपाशी होत्या, मायव्वा ओट्यावर. मी आनंदानं सांगत सुटले, कारण इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला काहीतरी सापडलं होतं. "शेवंता, तुझा दगडू निजाईचा नव्हे, त्याच्या रक्तात दोष आहे. औषध म्हणजे दूध. दर तीन तासांनी. झोपला असला तरी उठवायचं. कळलं?"

शेवंतानं मान हलवली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. मला वाटलं, पोरीला धक्का बसला. बसणारच की.

"आमच्यात निजल्यालं पोर उठवत न्हाईत," मायव्वा म्हणाली.

"आजपासून उठवायचं!"

"आन् निजवणी?"

ही निजवणी काय ते मला तेव्हा कळलं. घरात पाळणा हलला की येईल त्या वैशाखातल्या मंगळवारी, पोराला पहाटेपासून दूध तोडायचं. बारा वाजता निजाईपुढं निजवायचं. आईनं लांब पाठ करून बसायचं. हिवराची सावली दगडावरून सरकली आणि पोर रडलं, तर आईनं परत दिलं. नाही रडलं तर तिनं ठेवून घेतलं. म्हातारीच्या तीनपैकी दोन त्या झाडाखालीच गेली होती, आणि शेवंताचं पहिलंसुद्धा.

माझा संताप संताप झाला. "या पोराला झाडाखाली न्याल तर मी पोलीस आणीन," मी ओरडले. "सहा तास उपाशी राहिलं तर मरेल ते!"

म्हातारी ढिम्म. "दोन पाळणं हाललेत घरात. एक तरी दाखवावंच लागतंय तिला. न्हाईतर ती हुडकत येती."

आणि इथं मी जे बोलले, ते मला कुणी बोलायला लावलं नव्हतं. माझ्याच तोंडानं, माझ्याच अकलेनं बोलले. वाटलं, धडधाकट पोर अर्धा दिवस उपाशी राहिल्यानं काय होतंय, एक भांडण तरी मिटेल. म्हटलं, "मग गौरव्वाची न्या. तिला काही झालेलं नाही."

गौरव्वानं लेकीला उराशी धरलं, पण सासूपुढं बोलायची तिची छाती नव्हती. विशीसुद्धा ओलांडली नव्हती पोरीनं. शेवंता भाकरी थापत होती. तिचा हात परातीत थांबला. थांबला तो थांबलाच. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला तरी ती हलली नाही.

पुढचा महिनाभर मी दगडूवर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवलं. आठवड्यातून दोनदा वाडीला फेरी. दगडू गुटगुटीत झाला. उशीर झाला की ही बोंब ठोकायचा, की मला हसू यायचं. भुकेनं गप होणारं मूल भुकेनं बोंबलतंय, हे माझ्या डोक्यात शिरायला हवं होतं की नाही? नाही शिरलं. मी आपली खूश. धाकटीची सुंद्रा मात्र कधी बघावं तर झोपलेली. गौरव्वा कौतुकानं म्हणायची, "गुणाची हाय बाई, रडतच न्हाई." मीही म्हणायचे, "नशीबवान आहेस गं." काय तोंड होतं माझं!

वैशाखातला दुसरा मंगळवार. उपकेंद्रात लसींचा डबा उघडून बसले होते. साडेबाराच्या सुमाराला गावातली एक बाई सांगत आली, की पुण्याचा फोन येऊन येऊन कटतोय, तुमचा मोबाइल टाकीच्या पायरीवर विसरलाय. मी जिना चढून वर गेले. ऊन असं होतं की लोखंडी कठड्याला हात लावता येईना. तेवढ्यात पुन्हा वाजला.

"लोंढेबाई, जनुकाचा निकाल आला. दोष पक्का. दोन्ही बाजूंनी आलेला," बेडेकरबाई म्हणाल्या. "पण एक घोळ आहे. कार्डावर तुम्ही पुरुष लिहिलंय."

"हो, मुलगाच आहे."

"रक्त मुलीचं आहे."

वर आभाळ पांढरं झालं होतं. टाकीवरून वाडीमागचा माळ दिसायचा. हिवराचं झाड दिसत होतं आणि झाडाभोवती बायका बसल्या होत्या. लुगड्यांचे ठिपके. एकही हलत नव्हता.

खरं सांगते, त्या क्षणी माझं शिक्षण, सुया, रजिस्टर, सगळं वाऱ्यावर गेलं. वाटलं, फ्रॉक घालून घालून पोराचं रक्तसुद्धा फिरलं. फसवायला गेलेल्यांना तिनंच फसवलं. माझे दात वाजायला लागले, त्या उन्हात.

"हॅलो? आमच्याकडून चूक नाही, दोनदा तपासलंय," बेडेकरबाई सांगत होत्या. "तुम्ही दुसऱ्याच बाळाचं रक्त घेतलंत का? घरात दुसरी कुणी मुलगी आहे का?"

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. त्या दिवशी दोन झोळ्या होत्या.

"मॅडम," मी म्हटलं, "ती मुलगी पहाटेपासून उपाशी आहे."

"तास मोजत बसू नका. साखर द्या. हिरड्यांना चोळा. पळा!"

जिना कसा उतरले कोण जाणे. पिशवीत ग्लुकोजची पुडी कायम असायची माझ्या. वडापची एक जीप चौकात उभी होती. तिच्या ड्रायव्हरला, म्हाळाप्पाला, ओरडून सांगितलं की वाडीकडं ये, पोर तालुक्याला न्यायचंय. तो तंबाखू थुंकून गाडी चालू करीपर्यंत मला दम नव्हता. मी पळत सुटले. वाटेत शेवंताचं घर लागलं. दार उघडं, आत ती एकटी, मांडीवर दगडू पीत होता. मी काही न विचारता पोराचा फ्रॉक वर केला. मुलगाच होता.

"कुणाचं रक्त दिलंस मला त्या दिवशी?"

"ह्याचंच."

"खोटं बोलू नकोस, शेवंता. रक्तानं सांगितलंय. पुण्याला कळलंय, ते रक्त मुलीचं होतं!"

ती माझ्याकडे बघत राहिली.

"सुंद्राचं होतं ना?"

"मला वाटलं..." तिनं दगडूचा फ्रॉक खाली ओढला. "बाई, म्या मागली दोन असली तवा त्यास्नी नाव घिऊन हाका मारत हुते. सासू म्हनाली, नाव कळलं म्हनून आली ती. तुमी म्हनाला कार्डावर नाव लिवनार, रगत लांब जानार. म्हटलं, आता ठावठिकाणा लागतूय तिला. तर माज्या लेकाच्या नावानं दुसरं रगत जाऊ दे. तिनं ते हुडकावं."

"तुझ्या सख्ख्या बहिणीचं पोर?"

"व्हय," ती म्हणाली.

रडली नाही. नुसतं व्हय म्हणाली. मला तिच्या मुस्काटात मारावीशी वाटली, आणि त्याच वेळी तिच्या गळ्यात पडून रडावंसं वाटलं. "दूध घालायला सांगितलं तेव्हा तरी बोलायचंस! सुंद्राला निजवायला नेतायत तेव्हा तरी!"

"तुमी म्हनाला ना," शेवंता म्हणाली, "गौरव्वाची न्या म्हनून."

पुढं मी काही बोलायच्या आतच तिनं दगडूला माझ्या हातात कोंबलं, पदर खोचला आणि ती पळाली. मेंढरांमागं पळणाऱ्या बाईला मी काय गाठणार? एका हातात बोंबलणारं पोर, एका हातात पिशवी, अशी मी तिच्या मागं धडपडत माळावर आले.

झाडाखाली कुणी बोलत नव्हतं. सात-आठ बायका गोल करून बसलेल्या. मध्ये दगडापुढं हिरव्या खणावर सुंद्रा. तिचे डोळे मिटलेले, दगडाचे डोळे मिटलेले, दोघींच्या कपाळाला एकच शेंदूर. वीसेक पावलांवर गौरव्वा पाठ करून बसली होती. तिच्या पोलक्याला दोन्हीकडं दुधाचे ओले डाग पडले होते आणि ती मागं वळून बघत नव्हती.

"बघा, हुंकारसुद्धा न्हाई," एक बाई कुजबुजली.

मायव्वा म्हणाली, "ही तिचीच. म्या आदीच वळखलं हुतं."

शेवंता त्या गोलात घुसली. कुणी तरी किंचाळलं. शिवू नगं, शिवू नगं, असा गलका झाला. शेवंतानं खणावरून पोर उचललं, तिथंच मातीत बसली, पोलकं वर केलं आणि सुंद्राचं तोंड छातीला लावलं. पोरीची मान मागं लोंबली. दूध तिच्या गालावरून ओघळून कानात गेलं.

"वढत न्हाई!" शेवंता ओरडली. "बाई, वढत न्हाई ही!"

मी दगडूला दिसेल त्या बाईच्या मांडीत टाकलं. सुंद्राचं अंग घामानं चिकट आणि गार होतं. श्वास होता. बारीक, पण होता. पुडी दातानं फाडली, बोट ओलं करून ग्लुकोजमध्ये बुडवलं आणि गालाच्या आत, हिरड्यांना चोळलं. एकदा. दोनदा. दहादा. वरून मायव्वा माझा खांदा ओढत होती. "हात काड, बाई. आई घेतीया. तिच्या हातातलं वढू नगं, सगळ्या घराला भोगावं लागंल!"

"तिनं माझ्याशी भांडावं!" मी म्हटलं, आणि काय सांगू, मी तेव्हा त्या दगडाकडे बघून बोलत होते.

गौरव्वा अजून पाठमोरीच होती. तिला वळायची बंदी होती. ती तशीच बसून विचारत होती, एकाच आवाजात, पुन्हा पुन्हा, "अक्का, काय झालं? अक्का, काय झालं गं?"

"गौरी, वळ," शेवंता म्हणाली. "तुज्या लेकीचं रगत म्या दिलं. त्या कार्डावर. दगडूचं म्हनून हिचं दिलं. दोष हिला हाय. वळ, गौरी, हिला पाज."

वाऱ्यानं खण उडाला तरी कुणी उचलला नाही. गौरव्वा वळली, आणि मला वाटलं आता ही बहिणीच्या अंगावर जाणार. पण ती गुडघ्यांवर रांगत आली आणि लेकीच्या तोंडात बोट घातलं, माझ्याबरोबरच. तिचं बोट, माझं बोट. आणि मग, किती वेळ गेला देव जाणे, आमच्या बोटांवर काहीतरी ओढ बसली. अगदी नकळत. कोकरू चोखतं तशी.

"वढती!" गौरव्वा म्हणाली.

म्हाळाप्पाची जीप माळावर धूळ उडवत आली. मी, गौरव्वा आणि सुंद्रा पुढं. शेवंता दगडूला घेऊन मागं चढली, कुणी बोलावलं नसताना. तालुक्याच्या दवाखान्यात सलाइन लागलं, शिरेतून साखर गेली, आणि दिवस मावळायच्या आत सुंद्रा रडली. असली रडली की वॉर्डातल्या बायका वैतागल्या. मी व्हरांड्यात जाऊन बसले आणि भोकाड पसरून रडले. कंपाउंडर विचारायला लागला, बाई, पेशंट गेला का?

मुलगी जगली, हे आत्ताच सांगून टाकते. आज ती एकोणीस वर्षांची आहे, आणि संकष्टी धरते म्हणाली की सगळं घर तिच्या अंगावर धावून जातं. दगडूचं रक्त मी पुढच्या आठवड्यात घेतलं. या वेळी फ्रॉक काढून, चार बायकांच्या देखत, आणि दोनदा खात्री करून. त्याच्याकडे एकाच बाजूचा दोष होता, त्याला काही धोका नव्हता. पण मला सांगायचंय ते दवाखान्यातल्या दुसऱ्या सकाळचं.

दहा वाजले असतील. डॉक्टर येऊन गेले होते. मी गौरव्वाला समजावून सांगत होते, की दर तीन तासांनी, दिवसा आणि रात्री, निदान वर्षभर. ताप आला, जुलाब झाले तर अजून लवकर. एक वेळसुद्धा चुकवायची नाही. तिचे डोळे लाल झाले होते, बसल्या बसल्या मान कलत होती. चोवीस तास तिचा डोळ्याला डोळा लागला नव्हता.

"तुला एकटीला जमायचं नाही हे," मी म्हटलं. "नवरा मेंढरांमागं. मायव्वा तर पोराला उठवायचीच नाही. कोण आहे तुझ्या हाताखाली?"

गौरव्वानं दाराकडे बघितलं. शेवंता उंबऱ्याबाहेर भिंतीला टेकून बसली होती. कालपासून तिच्याशी कुणी शब्द बोललं नव्हतं. सासूनं निरोप धाडला होता, की परत घराची पायरी चढू नको.

"ही हाय की," गौरव्वा म्हणाली.

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. मी आवाज खाली आणला. "हिनं काय केलंय ते कळलंय ना तुला? हिच्यावर भरवसा ठेवणार?"

"हिच्यावरच."

"म्हणजे माफ केलंस?"

"न्हाई," गौरव्वा म्हणाली, इतक्या पटकन की बाहेर शेवंताला ऐकू गेलं असणार. "माफ न्हाई केलं. करायची बी न्हाई. पर बाई, हिची दोन निजल्यात. आपल्या हातानं गार पोर उचललंय हिनं, दोनदा. माजा डोळा लागंल एकांदी डाव. हिचा न्हाई लागायचा."

ती उठली. सुंद्राला उचलून दारापाशी गेली, खाली न वाकता, तोंड दुसरीकडं करून, पोर शेवंताच्या ओटीत घातलं.

"एकला पाजायचं," तिनं सांगितलं.

मग येऊन खाटेवर पडली, पदर तोंडावर ओढला, आणि मी पाण्याचा तांब्या भरून आणेपर्यंत ती घोरायला लागली होती. उंबऱ्याबाहेर शेवंता पोर मांडीवर घेऊन ताठ बसली होती. व्हरांड्यातल्या घड्याळाकडे बघत होती, आणि तिला घड्याळ वाचता येत नव्हतं. तिनं मला विचारलं, "बाई, मोठा काटा कुठं आला म्हंजी एक?"